भाऊजींची भट्टी

माझ्या मोठ्या दिरांना भट्टीचं दार उघडायला फार आवडतं. कारखाना सासऱ्यांचा, भयंकर तापणाऱ्या इंजिनांची पाती ओतायचा. धातुशास्त्र शिकलेली मी. आणि पाहुण्यांपुढे बोलायचं खातं भाऊजींचं, कारण उथळ पाण्याला खळखळाट फार.

पात्याची कड फार पातळ असते. साचा जरा निवला की धातूचा रस तिथवर पोचायच्या आत थिजतो आणि कड अर्धवट राहते. म्हणून मी साचे ऊब धरणाऱ्या जाड अस्तरात गुंडाळून तापवायची पद्धत बसवली. सासरे म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर ओतून दाखव. जमलं तर ठेवू, नाहीतर तू आपलं पॅकिंग बघ."

ऐन ओतायच्या वेळी भाऊजींनी भट्टीचं दार सताड उघडलं. "बघा, कसे लालबुंद झालेत साचे." फोटो निघाले, भाषण झालं. मी दोनदा म्हटलं, "भाऊजी, दार लावा." त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला. पाती निघाली ती उंदरांनी कुरतडल्यासारखी.

"पुस्तकी पद्धत, दुसरं काय," भाऊजी म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा. मी दाराचं बोलले, तर सासऱ्यांनी मलाच ऐकवलं. "सूनबाई, मोठ्यांच्या डोक्यावर खापर फोडू नये. अजून एकदा बघू, मग पॅकिंग." रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या खेपेला मी कोपऱ्यातली जुनी भट्टीही पेटवली. आत फुटके, टाकाऊ साचे रचले, समोर खुर्च्या मांडल्या. "भाऊजी, पाहुण्यांना इथून छान दिसेल."

भाऊजी खुलले. दार उघडून मनसोक्त बोलले. गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाई तेवढ्या उठून माझ्यामागे आल्या. इकडच्या भट्टीचं दार ओतेपर्यंत बंद राहिलं आणि एकूण एक पातं कडेपर्यंत भरलं.

पद्धत राहिली. कौतुक भाऊजींचं झालं. फुटक्या साच्यांशेजारचा त्यांचा फोटो सासऱ्यांनी ऑफिसात लावला.

जाताना तपासनीस बाईंनी मला पद्धतीच्या पायऱ्या विचारल्या. मी सगळ्या सांगितल्या, शेवटचीसुद्धा: ओतायच्या दिवशी जुनी भट्टी पेटवायची आणि भाऊजींना तिच्यासमोर उभं करायचं.

बाई जराही हसल्या नाहीत. "ही पायरी आमच्याकडेही आहे," त्या म्हणाल्या. "फक्त आम्हाला अशा तीन भट्ट्या पेटवाव्या लागतात."