एक जूनची माणसं

काय घडलं

“माहं पित्ताशय कोनं काढलं?”

सुंदराबाईंनी काउंटरच्या काचेवर बांगड्या आपटल्या. चाचणीसाठी नव्या संगणकातून छापून काढलेला कागद प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पायलने नुकताच त्यांना वाचून दाखवला होता. त्यांच्यामागे रांग होती. रांगेपलीकडच्या मांडवात, बारा वाजताच्या उद्घाटनासाठी, खुर्च्या मांडल्या जात होत्या.

“आजी, यात तसं लिहिलंय...”

“लिवलं असंन. पोट माहं हाय ना? एक टाका नाई माह्या पोटाले. अन् म्हने साखरेचा रोग! सकाळी दोन कप चहा पेली मी, वरून गुळाचा खडा मागतला.”

रांग हसली. पायलही हसली. ज्योत्स्ना तायडे मात्र हसली नाही.

अकोल्यातल्या या धर्मादाय रुग्णालयाची चाळीस हजार जुनी कार्डं संगणकावर चढवण्याचं काम अमरावतीच्या एका लहानशा कंपनीकडे होतं, आणि चौदा महिने ते ज्योत्स्नाच्या डोक्यावर होतं. प्रोग्रॅम पोरंपोरी लिहीत. कोणी काय लिहायचं, कधी द्यायचं, काय परत करायचं, हे ती ठरवी. बावीस वर्षं हेच करत आली होती, आधी पुण्यात, आणि वडिलांनी अंथरूण धरल्यापासून अमरावतीत. तिच्या टीमचा एक नियम होता. चूक सापडली की आरडाओरडा करायचा नाही, आधी चिठ्ठी भरायची. काय घडलं, कसं घडलं, किती जणांना, जबाबदार कोण, उपाय काय. पाच रकाने.

पहिला भरला होता.

कसं घडलं

मनकर्णाबाई एकतीस वर्षं कार्डांच्या खोलीत होत्या. त्यांनी कपाटात हात घातला आणि न बघता दोन कार्डं बाहेर काढली.

सुंदराबाई पंजाबराव इंगळे, हिवरखेड. सुंदराबाई पंजाबराव इंगळे, हिवरखेड.

“दोघी हायेत ना. एक शाळेपाशी राह्यते, एक पान्याच्या टाकीपाशी. मी तोंडावरून ओळखते.”

“जन्मतारीखसुद्धा एकच?” पायल पुटपुटली. दोन्ही कार्डांवर होतं : एक जून, एकोणीसशे बासष्ट.

“मंग? ते म्हनते साठीची असंन, मी वर्स काढते. दिवस-महिना कोनाले ठाऊक राह्यते वो? एक जून टाकून देते. सगळ्यायचा एक जून. शाळेत मास्तरं टाकत, तेच आमी शिकलो.”

ज्योत्स्ना स्टुलावर बसली.

चांदूर बाजारच्या शाळेत तिचे वडील हेडमास्तर होते. दाखल्यांच्या दिवसात गावोगावच्या आया पोरांना पुढे ढकलत, ‘बैलपोयाच्या दुसऱ्या दिवशी झाला’, ‘थंडीत झाला’ असं काहीबाही सांगत, आणि वडील शांतपणे लिहीत : एक जून. त्यांचा स्वतःचा वाढदिवसही एक जून. तिला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? आणि तरीही वर्षापूर्वी एका कागदावर तिने सही केली होती : नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली, तर माणूस एकच समजावा, दोन नोंदींची एक करावी, नवी माहिती ठेवावी.

पुण्यात हा नियम बिनतोड होता. वऱ्हाडात त्याने एका बाईला दुसरीचं पोट लावलं होतं.

पायलने जुनं कार्ड उलटलं. काउंटरवरच्या सुंदराबाईंचं ते. मागे लाल शाईत, ठसठशीत : पेनिसिलिन देऊ नये. मागील खेपेस जिवावर बेतले.

संगणकाने नवी माहिती ठेवली होती, दुसरीची. लाल शाई कुठेच नव्हती.

किती जणांना

पायलने संगणकावर तसल्या नोंदी शोधल्या.

“सहाशे सात नोंदी, ताई. एकेका नोंदीत दोन-दोन माणसं.”

जबाबदार कोण

मांडवाच्या कडेला कंपनीचे मालक भगवंतराव हार तपासत उभे होते. शेजारी रुग्णालयाचे सचिव ओमप्रकाशजी. अकरा वाजून वीस मिनिटं.

ज्योत्स्नाने सगळं सांगितलं. आज मशीन चालू करता येणार नाही, म्हणाली.

“मॅडम, चाळीस हजारात सहाशे म्हंजे किती?” भगवंतरावांनी आवाज खाली आणला. “पाव्हने मूर्तिजापूर सोडून पुढे आले. आज बटन दाबू द्या. उद्यापासून निवांत दुरुस्त करा.”

“आज संध्याकाळी त्या बाईले ताप भरला तं?” तिची पुण्याची भाषा अशा वेळी गळून पडे. “डॉक्टर कार्ड नाई पाहनार. पडदा पाहीन. पडद्यावर काईच लिवलं नाई.”

“तो प्रोग्रॅम पायलनं लिवला होता ना? मंग तसं सांगू. लहान पोरगी हाय, शिकून राहिली, कोनी मनावर घेनार नाई.”

मागे उभ्या पायलने मान खाली घातली.

“पायलनं मी सांगतलं ते लिवलं. तिच्या जन्माच्या दाखल्यावर तास-मिनिटं हायेत, तिले एक जून काय ठाऊक? मले होता. सही माही हाय.”

“तुमी कावून अंगावर घेऊन राहिल्या?” भगवंतराव खरोखरच चक्रावले होते. “नांदगाव पेठेच्या गिरणीचं नवं काम तुमच्या नावावर येऊन राहिलं. हे असं झाल्यावर मी कोन्त्या तोंडानं देऊ?”

दोन्ही कार्डं ज्योत्स्नाने ओमप्रकाशजींच्या हातात ठेवली, एक सुलट, एक उलट.

त्यांनी चष्मा लावला. लाल शाई दोनदा वाचली.

“मॅडम, चौदा महिने. और ये बात आज समझी?”

“हो. आज.”

“आज वो बाई नहीं आती तो?”

“तर मला समजलं नसतं.”

मांडवात कोणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो. ओमप्रकाशजींनी कार्डं परत दिली.

“भगवंतराव, आज नारळ फुटेल, भाषणं होतील, चहा होईल. मशीन बंद राहील. आणि इथलं पुढचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या. माझ्या कमिटीला मी काय सांगू?”

“देतो ना,” भगवंतराव लगेच म्हणाले. “आपल्या ऑफिसातल्या किशोरले देतो.”

ज्योत्स्नाने मान हलवली. तिला जे हवं होतं ते त्या चार वाक्यांतल्या दुसऱ्यात होतं.

उपाय काय

बाहेर भाषणं चालू असताना कार्डांच्या खोलीत ती आणि मनकर्णाबाई जोड्या सोडवत होत्या. दोन कार्डं, एक फोन.

“दोघींतलं वेगळं काय विचारायचं?” ज्योत्स्नाने विचारलं होतं.

“माहेर इचारा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “बाई बाकी सगळं इसरंन, माहेर नाई इसरत.”

“अन् बाप्या असला तं?”

“मंग सासुरवाडी. ते तं त्याले इसरूच देत नाई.”

तीन वाजेपर्यंत तेरा जोड्या सुटल्या. माहेर कोन्तं, आजी? तेल्हारा. अन् दुसऱ्या सुंदराबाईंचं? अकोट.

पायल दारात आली. डोळे पुसून आली होती हे दिसत होतं.

“ताई, किशोरदादाचा फोन होता. चार्ज त्याच्याकडे गेला. तुमी अमरावतीले परत या म्हने.”

ज्योत्स्नाने लॅपटॉप पुढे ओढला. तेरा नोंदी चढवायच्या होत्या. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर एक ओळ आली : आपल्याला परवानगी नाही. ही ओळ शब्द न् शब्द तिनेच लिहून दिली होती. नम्र असावी म्हणून ‘आपल्याला’.

“माह्या नावानं उघडून देऊ?” पायलने विचारलं.

“नको. दुसऱ्याच्या नावानं आत शिरायचं नाही. तू तुझ्या नावानं चढव, मी वाचून दाखवते.” पायलने आपला लॅपटॉप उघडला.

“मंग आता तुमचं इथं काय काम, बाई?” मनकर्णाबाईंनी विचारलं. कुजकटपणे नाही, खरंच विचारलं.

“पाचशे चौऱ्याण्णव,” ज्योत्स्ना म्हणाली आणि पुढच्या दोन कार्डांवरची धूळ झटकली.

कोणीतरी कुलर मोठा केला. ढिगावरची कार्डं फडफडली, दोन खाली पडली. ज्योत्स्नाने स्वतःचा लॅपटॉप मिटला, कार्डांच्या ढिगावर आडवा ठेवला, हाताने दाबून नीट बसवला, आणि फोन उचलला.