शेवटच्या दोन ओळी

गिटार का शिकायची आहे, हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारते. तीस वर्षं विचारतेय, उत्तरं ऐकून कान किटलेत. कुणाला वर्गातल्या मुलीसमोर भाव खायचा असतो, कुणाच्या घरी मामाची जुनी गिटार माळ्यावर पडून असते, एका गृहस्थांना तर डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला होता. बेस गिटारवाले बिचारे स्वतःहून येतच नाहीत. चार मित्र मिळून बँड काढतात, तिघं गिटार धरून बसतात आणि उरलेल्याच्या गळ्यात बेस पडते. यातलं एकही कारण खरं नसतं. खरं कारण बाहेर यायला सहा महिने लागतात, आणि तोवर निम्मे पळालेले असतात. मी स्वतः सुरू केली ती शेजारच्या घरातली भांडणं ऐकू येऊ नयेत म्हणून. सरांना मात्र सांगितलं होतं, संगीताची आवड आहे. शुद्ध थाप.

लिफ्टवाल्यांनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, आणि मला वाटलं, यांनीही थाप मारली असती तर बरं झालं असतं.

मी त्यांना चेहऱ्यानं ओळखत होते. लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी मुलीला न्यायला यायचे आणि ग्रीसच्या बुटांनी फरशी खराब नको म्हणून जिन्यातच उभे राहायचे. मुलगी सतरा वर्षांची, माझ्याकडे दोन वर्षं शिकत होती. हात गोड, कान तर विचारूच नका, पण ठोक्याला थांबेल तर शपथ. मी तिला घाईबाई म्हणायचे. मग सगळा वर्गच म्हणायला लागला, आणि तीही फोनवर ‘मी घाईबाई बोलतेय’ म्हणून हसायची. आई ती चार वर्षांची असतानाच गेली होती. घरात बापलेक दोघंच. मग एकदा तिला ताप आला. अकरा दिवस दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी नव्हती.

त्याला तीन महिने झाले होते. तिची गिटार माझ्याकडेच होती. तारा जिच्यावर टेकतात ती वरची पट्टी झिजली होती, ती बदलायला ठेवून गेली ती गेलीच. मला वाटलं, लिफ्टवाले तीच न्यायला आलेत. मी खुंटीवरून काढायला उठले तर म्हणाले, ती राहू द्या, मला शिकायचंय. गिटार नको, गिटार तिची. खालून वाजते ना, जाड तारांची, ती शिकवा. का, असं मी सवयीनं विचारून गेले आणि जीभ चावली. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि बस उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात म्हणाले, “ती रोज चार वाजता वाजवते, मॅडम. तिच्या खोलीत. एकटीच वाजवते, म्हणून म्हटलं आपण साथीला बसावं.”

दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं, ते मला माहीत आहे. मी त्यांना पाणी दिलं, पंखा मोठा केला, आणि एका ओळखीच्या डॉक्टरांचं नाव कसं सुचवावं याचा विचार करायला लागले. पण हा माणूस तीस वर्षं मशीनच्या खोडी शोधत आलेला. त्यांचं सगळं तपासून झालं होतं. शेजारचं घर वर्षभर बंद. रेडिओ नाही. पाण्याच्या नळाला, खिडकीच्या गजाला हात लावून पाहिला होता. आवाज खोलीतूनच येतो, पलंगाच्या उशाकडच्या भिंतीतून, आणि तळवा लावला तर हाताला कळतो. गिटार माझ्याकडेच राहू द्यायची ती एवढ्यासाठी, की घरी आणली तर वाऱ्यानं तार हलली असेल असं तेच स्वतःला सांगतील.

मग त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. सूर त्यांना कळत नव्हते, नुसता ठोका. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीच्या शेवटी बोटं अर्धा ठोका आधीच पुढे धावली. चौथी ओळ. आणि थांबली.

डॉक्टरांचं नाव मी गिळून टाकलं.

ती धून माझी आहे. मी रचलेली, कुठल्या पुस्तकात नाही, कागदावर नाही, फक्त माझ्या डोक्यात. सहा ओळींची. आणि माझी एक पद्धत आहे. पहिल्या चार ओळी स्वच्छ वाजल्याशिवाय शेवटच्या दोन मी कुणाला देत नाही. मुलं चिडतात, आया तक्रार करतात, मी बधत नाही. शेवट हातात पडला की पोरं सरळ तिथेच उडी मारतात आणि मधलं सगळं वाऱ्यावर सोडतात. घाईबाईची तिसरी ओळ धावायची, तिथेच, अर्धा ठोका. शेवटच्या तासाला तिनं किती विनवलं होतं. मॅडम, आज तरी दाखवा, मी घरी जाऊन सावकाश बसवते. मी म्हटलं, आधी तिसरी सुधार, पुढच्या आठवड्यात बघू. दारात पुन्हा वळून म्हणाली, निदान वाजवून तरी दाखवा. मी म्हटलं, निघ आता.

यातलं काही मी त्यांना सांगितलं नाही. माझं धाडसच झालं नाही. वर्गातली जुनी बेस काढली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शिकवायला लागले.

बोटं जाड, चरे पडलेली, लिफ्टच्या वायररोपनं रापलेली. बेसच्या तारेला अशीच बोटं लागतात. नव्या मुलांना फोड येतात, यांना काही वाटलं नाही. आठवड्यातून तीनदा पाचला यायचे, बूट आता बाहेर काढून आत यायचे. बेस घरी न्यायची मी परवानगी दिली. दुसऱ्या महिन्यात चार ओळींची साथ बसली आणि एके दिवशी ते दाढी वगैरे करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, आज दोघांनी मिळून वाजवलं. मी एके ठिकाणी चुकलो तर ती थांबली, मग दोघांनी पुन्हा घेतलं.

त्यानंतर प्रत्येक तासाला खबर यायची. तिला आज सुरुवातीला उशीर झाला. आज हळू वाजवत होती. आणि एक दिवस ते म्हणाले, “आता ती घाई करत नाही, मॅडम. मी खालून धरून ठेवतो ना.”

त्यांनी टेबलावर वाजवून दाखवलं. तिसरी ओळ सरळ गेली, एका ठोक्याचा फरक नाही. दोन वर्षं घसा फोडून जे मला जमलं नाही ते या माणसानं तीन महिन्यांत केलं होतं. शिक्षिकेचा जीव मेला कसा असतो पाहा. अंगावर काटा आला होता, तरी मनात पहिलं आलं ते हेच, की आता तिला शेवट द्यायला हरकत नाही.

ते मात्र खूश होते. अंगावर मांस चढलं होतं. सुट्टीच्या दिवशीही बाहेर जात नव्हते, चारला घरी असलं की झालं. मला वाटायचं, का उगाच सांगायचं? चाललंय ते चालू दे. मी पक्की भित्री आहे, हे तेव्हा कळलं.

घात झाला तो माझ्याच धड्यानं. कान तयार करायला मी एक साधा खेळ घेते. मी ओळ वाजवते आणि शेवटचा सूर गाळते. शिकणाऱ्यानं तो शोधायचा. सूर घरी परतायला बघतो, मी सांगते, त्याचं घर शोधा. लिफ्टवाल्यांना पहिल्या दिवशी काही कळेना. दुसऱ्या दिवशी दोनदा बरोबर आलं. तिसऱ्या दिवशी मी वाजवायचा अवकाश, यांचं बोट बरोबर जागेवर. मी शाबासकी द्यायला मान वर केली तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला.

बोट तारेवर तसंच ठेवून म्हणाले, “म्हणजे तिचं ते तिथे संपत नाही.”

मी माझी गिटार खाली ठेवली.

“चार ओळी झाल्या की ती इकडेतिकडे तारा छेडते. मला वाटायचं, मजेत छेडते. मग पुन्हा पहिल्यापासून. ती पुढचं शोधते का, मॅडम?”

मग मी सगळं सांगितलं. सहा ओळी, माझी पद्धत, तिची विनवणी, दारात वळून ती म्हणाली ते. सांगताना मला रडू फुटलं, त्यांना नाही. त्यांनी बेस हळूच भिंतीला टेकवली.

“लिफ्ट वर जाते, दार उघडत नाही, तशीच खाली येते, पुन्हा वर जाते,” ते म्हणाले. “आम्ही तिला चालू आहे असं म्हणत नाही. आत माणूस अडकलाय म्हणतो. इतके दिवस मी बाहेर बसून साथ देत होतो.”

आणि निघून गेले. बूट हातात घेऊनच जिना उतरले.

आठ दिवस आले नाहीत. मी चार वाजले की घड्याळाकडे बघायचे आणि मुलांवर विनाकारण ओरडायचे. एका लहान मुलीनं शेवटच्या ओळी मागितल्या, तिला मी तिथल्या तिथे शिकवून टाकल्या. तिची आई चकित.

नवव्या दिवशी ते आले. दाढी वाढलेली. मला दोन्ही ओळी द्या म्हणाले. मी बेस त्यांच्या हातात दिली, पण ते वाजवायला लागले नाहीत. शेवट मिळाला की ती जाईल का, असं त्यांनी विचारलं. मला काय माहीत? मी म्हटलं, मुलांना धून पूर्ण आली की कुणी गिटार खाली ठेवतं, कुणी पुढची मागतं.

“आमची कधी खाली ठेवणाऱ्यातली नव्हती,” ते म्हणाले. एवढ्याच आशेवर हा माणूस आपल्या मुलीला पणाला लावत होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन ओळी बसायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. चौथा मजला, लिफ्ट त्यांनीच दुरुस्त केलेली, आवाजसुद्धा न करणारी. खोली लहान. पलंगावर चादर ताणून घातलेली, टेबलावर तिची पुस्तकं एकावर एक, खिडकीतून स्वच्छ ऊन. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या उशाशी जमिनीवर बसले. मी मनात म्हणत होते, देवा, काही ऐकू येऊ देऊ नको.

चारला आलं.

पहिल्या सुरालाच ओळखलं मी. तिचा हात. अंगठा किंचित जड, खालच्या तारेवर थोडा जोर. आवाज मोठा नव्हता, बाजूच्या खोलीत कुणी दार लोटून वाजवावं तेवढा. बाजूला खोली नव्हती. भिंतीपलीकडे नुसतं आकाश होतं. लिफ्टवाल्यांनी खालून सूर धरला, आणि तिसरी ओळ अशी सरळ गेली की मला हुंदका आला. चौथी संपली. तारांवर बोटं चाचपडायला लागली, इकडे एक, तिकडे एक. तेव्हा ते एकटेच पुढे गेले. पाचवी ओळ, नुसती बेस.

गिटार गप्प झाली. असं गप्प होणं मी हजारदा पाहिलंय. मूल ऐकतं तेव्हा असं होतं.

त्यांनी पाचवी पुन्हा वाजवली. या वेळी वरून एक सूर आला, चुकीचा, लगेच सुधारलेला. तिसऱ्यांदा पूर्ण ओळ आली. माझ्या धुनेचा वरचा भाग तिनं नुसत्या खालच्या सुरांवरून ओळखला. म्हटलं ना, कान विचारूच नका. मग सहावी. तीही दोनदा चुकून, तिसऱ्यांदा बरोबर, अगदी शेवटच्या सुराच्या अलीकडेपर्यंत. आणि तिथे लिफ्टवाले थांबले.

त्यांचं बोट तारेवर होतं. ते छेडेनात. वरून तो अलीकडचा सूर पुन्हा आला. पुन्हा आला. आयुष्यात कधी न थांबलेली ती मुलगी बापासाठी थांबली होती. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि ते मान हलवत होते, नाही, नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण मी कोण ओरडणार? शेवट अडवून ठेवायचा धडा माझाच होता.

मी खुर्चीवरून उतरून त्यांच्याजवळ बसले आणि हळूच म्हटलं, “द्या तिला.”

त्यांनी तार छेडली. वरून सूर त्यावर अलगद येऊन बसला, ना आधी, ना नंतर. तो किती वेळ राहिला कोण जाणे. मग खिडकीबाहेरचा रस्ता ऐकू यायला लागला.

आम्ही पाच वाजेपर्यंत बसून होतो. त्यांनी तळवा भिंतीला लावून ठेवला होता. शेवटी मला म्हणाले, “बरोबर वाजवलं ना तिनं?”

“एकही चूक नाही,” मी म्हटलं.

मग बेस त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि भिंतीवरून हात न काढता विचारलं, “मग आता पुढची कुठली देणार तिला?”

माझ्याकडे पुढची धून कायम तयार असते. त्या क्षणी डोक्यात काही म्हणता काही नव्हतं. तरी मी बेस घेतली आणि सुचेल तशी एक ओळ वाजवली, संपूर्ण, शेवटासकट. थांबले. भिंतीतून काहीच आलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.