डोंगरावरचं छत

बिनइंजिनाचं विमान उडवणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि ते अगदीच काही खोटं नाही. दुसऱ्या विमानाच्या दोरीने वर ओढून घ्यायचं, दोरी सोडायची आणि वर चढणाऱ्या हवेच्या जिवावर तासन् तास घिरट्या घालायच्या. ना कुठे पोचायचं, ना कुणाला भेटायचं. अशा वेड्यांचा एक क्लब होता आणि त्यांना शिकवायला होते मास्तर. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, निवृत्त झाले आणि क्लबच्या मैदानावर मुक्काम ठोकला.

मैदान एका लांबलचक डोंगराच्या पायथ्याशी. वारा डोंगरावर आपटून वर चढतो, म्हणून ही मंडळी डोंगराच्या धारेवरून उडायची. पण पलीकडचा विमानतळ वाढला, मोठी विमानं वाढली आणि एक दिवस प्रस्ताव आला, की विमानतळाची आभाळातली हद्द डोंगरावरही पसरवायची. म्हणजे धारेवर जेमतेम उंची मोकळी राहणार आणि तिच्यावर न दिसणारं छत. परवानगीशिवाय त्याच्या वर जायचं नाही.

"मग छताखालून उडा की," सुनावणीत विमानतळाचे साहेब म्हणाले.

दातांच्या डॉक्टरांची तळपायाची आग मस्तकात गेली. क्लबात सगळ्यात जुने ते आणि सगळ्यात तापट. "आधी आम्ही आलोय, विमानतळ नंतर!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"हळू, डॉक्टर," बेकरीवाल्या बाई पुटपुटल्या. त्याही विमान उडवायच्या. "टेबल त्यांचं आहे."

मास्तर मात्र उठले आणि सवयीने फळ्याकडे गेले. त्यांनी एक लांबट त्रिकोण काढला. "साहेब, इंजिन नसलेलं विमान पुढे जाताना खाली येतच राहतं. धारेच्या त्या टोकापासून मैदानापर्यंत परत यायला एवढी उंची लागते. तुमच्या छताखाली ती मिळत नाही. मधे दगडाच्या खाणी आहेत. तिथे उतरणं म्हणजे मरणं. तेव्हा खालून उडा म्हणजे उडू नका, एवढाच त्याचा अर्थ."

साहेबांनी त्रिकोण नीट बघून घेतला. पण त्रिकोण बरोबर आहे म्हणून प्रस्ताव थोडाच मागे घेतात!

आता यातली गंमत अशी, गंमत कसली, दुखणंच ते, की साहेबांच्या शेजारी मास्तरांची लेक बसली होती. ती विमानतळाच्या कंट्रोलमध्ये नोकरीला, विमानांना वाट द्यायच्या कामावर. शाळकरी वयात मास्तरांनीच तिला पुढच्या सीटवर बसवून उडायला शिकवलं होतं. क्लबातले चिडवायचे, "मास्तर, पोरगी शत्रूच्या घरी दिलीत." प्रस्ताव आल्यापासून घरात बापलेक या विषयावर अवाक्षर बोलले नव्हते. "जेवताना आभाळ नको," असा आईचा सक्त हुकूमच होता.

लेक उभी राहिली. मोठी विमानं दुसऱ्या बाजूने उतरत असतील तेव्हा डोंगरावरचं छत उचलता येईल, ती म्हणाली. वारा फिरला आणि विमानं डोंगरावरून यायला लागली, की मैदानावर फोन करायचा आणि सगळ्यांनी खाली यायचं.

"आले की नाही, हे कळणार कसं?" साहेब म्हणाले. "यांची विमानं रडारवर धड दिसतसुद्धा नाहीत."

"मैदानावरचा माणूस सांगेल."

"आणि त्याच्या शब्दावर तू माणसांनी भरलेलं विमान डोंगरावरून सोडशील?"

"तो माणूस मास्तर असतील तर सोडेन."

बाबा म्हणाली नाही, मास्तर म्हणाली. मास्तरांचे डोळे भरून आले आणि ते उगाचच फळा पुसायला लागले.

साहेबांनी मोसमापुरती मुभा दिली. एकदा जरी चूक झाली, तरी मुभा संपली आणि छत कायमचं, हेही सगळ्यांसमोर बजावलं. डोंगर वाचला होता, पण दोरीवर उभा होता.

मैदानावर फोनपाशी कुणीतरी बसायला हवं, हे सगळ्यांनाच पटलं आणि सगळेच आपापल्या बुटांकडे बघायला लागले. "मी बसतो," मास्तर म्हणाले. म्हणायला काय जातं! पण पहिल्याच दिवशी एकेक विमान दोरी सोडून वर चढायला लागलं, तेव्हा त्यांचे हात मांडीवर चुळबुळत राहिले. फार जड गेलं त्यांना.

त्यांना काळजी होती ती पिपाणीची. प्रत्येक विमानात एक यंत्र असतं. हवा वर नेत असली की ते घाईघाईने पीं पीं करतं, आणि खाली नेत असली की कण्हतं. क्लबात त्याला पिपाणी म्हणायचे. चांगली हवा सापडली, की वायरलेसचा आवाज बारीक करून पिपाणी ऐकायची, ही सगळ्यांची जुनी खोड. लावली कुणी? मास्तरांनीच. "डोळ्यांनी नाही, कानांनी उडा," असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. आता रोज सकाळी त्यांचा घसा बसायचा, "वायरलेस मोठा ठेवा रे बाबांनो." सगळे माना डोलवायचे.

मोसम भरात आला होता. एका दुपारी ढग असे जमून आले, की डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवा नुसती वर उसळत होती. सगळा क्लब आभाळात होता. आणि वारा फिरला. फोन वाजला.

"मैदान, डोंगर बंद करतोय. सगळे खाली आले की कळवा." लेकीचा ऑफिसातला आवाज, इस्त्री केलेला.

मास्तरांनी वायरलेसवर हाक दिली. बेकरीवाल्या बाईंचं उत्तर लगेच आलं. मग एकेकाचं आलं. विमानं नाक वळवून मैदानाकडे निघाली. डॉक्टरांचं उत्तर येईना. मास्तरांनी पुन्हा हाक दिली, पुन्हा दिली, शेवटी ओरडले. दुर्बीण डोळ्याला लावली. पार पलीकडच्या टोकाला, ढगाच्या पोटाखाली एक पांढरा ठिपका गोल गोल फिरत वर चालला होता. पिपाणी चालू होती डॉक्टरांची.

फोन पुन्हा वाजला. "मैदान, सगळे खाली?"

आभाळ एवढं मोठं. हा ठिपका एवढासा. डॉक्टर आत्ता, एवढ्यात ऐकतील. विमान कशाला नेमकं त्याच ढगाजवळून जाईल? "हो" एवढाच शब्द, आणि डोंगर राहतो. रडारवर दिसत नाही, कुणाला कधी कळणारही नाही. आणि "नाही" म्हटलं, तर ज्या पोरीने आपल्यासाठी शब्द टाकला तिचं त्याच साहेबांसमोर नाक कापलं जाणार.

"बाबा?" ती म्हणाली. ऑफिस विसरली असावी.

"एक वर आहे," मास्तर म्हणाले. "पलीकडच्या टोकाला, मोठ्या ढगाखाली. माझं ऐकत नाहीये."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे ती एका मोठ्या विमानाच्या वैमानिकाला शांतपणे वळायला सांगत होती, ते ऐकू येत होतं. एकदा सांगितलं, मग उंची बदलायला सांगितली. मास्तरांनी दुर्बीण ठिपक्यावरून हलवली नाही.

"वळवलं," ती अखेर म्हणाली. "ढगातून बाहेर पडणार होतं ते. तिथेच."

"बरं."

"डोंगर गेला, बाबा."

"माहीत आहे गं."

डॉक्टर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "मास्तर, काय हवा होती! अशी हवा जन्मात..." बेकरीवाल्या बाईंनी तोंड फिरवलं. बाकीचे जमिनीकडे बघत होते. डॉक्टरांनी एकेकाकडे पाहिलं, मग आपल्या वायरलेसकडे पाहिलं आणि तिथेच गवतात बसले. मास्तरांना त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण कानांनी उडा म्हणून त्यांना शिकवलं होतं कुणी? ते जवळ गेले, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विमान ढकलायला लागले.

संध्याकाळी लेक ड्यूटी संपवून सरळ मैदानावर आली. शेडचं दार दोघांनी मिळून ओढून लावलं.

"मला वाटलं, तुम्ही 'सगळे खाली' म्हणाल," ती म्हणाली.

"हं."

"आणि तुम्ही म्हणाला असतात ना, तर मी पुन्हा विचारलंसुद्धा नसतं. विमान सोडलं असतं."

"म्हणून तर नाही म्हटलं," मास्तर म्हणाले.