बावीस स्लाइडचा पाठ

आमच्या वस्तीवरची शाळा बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडी आत आहे. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. यंदा एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं आसपासच्या शाळांच्या आमच्या केंद्राला एक स्मार्ट बोर्ड दिला. दोन महिने तो आमच्याकडं राहिला. मग केंद्रप्रमुखांचा निरोप आला: चौथीचा एक पाठ बघू. बोर्डाचा उपयोग होत असेल तर तुमच्याकडंच ठेवू, नाहीतर शेजारच्या मोठ्या शाळेला देऊ.

पाठ स्वरूपाबाई घेणार होत्या. त्या आमचाही वर्ग घेतात, संध्याकाळी पाचला, शेतातून आलेल्या म्हाताऱ्यांचा. मी सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्याकडंच अक्षरं गिरवली.

पाठाच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज तुमच्यावर तालीम करते. आधी मी करून दाखवणार, मग आपण मिळून करू, मग तुम्ही एकेकटे करायचं."

विषय अपूर्णांक. बोर्डावर चित्रं भराभर सरकू लागली. रंगीत गोल फुटायचे, जोडायचे, टाळ्यांचा आवाज यायचा. बाई दर दोन चित्रांनी विचारत, "समजलं?" आम्ही एका सुरात म्हणत होतो, "व्हय!"

बाविसावं चित्र संपलं. बाईंचा चेहरा खुलला होता. त्यांनी मला बोर्डापाशी बोलावलं. "आप्पा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

मी बेधडक चतुर्थांशावर बोट ठेवलं. चार तीनापेक्षा मोठा, यात विचार कसला?

बाई बाकीच्यांकडं वळल्या. मग म्हणाल्या, "बरोबर म्हणणारे हात वर करा." अकराच्या अकरा हात वर.

"मग मघाशी व्हय का म्हणालात?"

आमच्या वर्गातली दगडाबाई पदर सावरत म्हणाली, "तुमी येवढं जीव तोडून सांगताय. न्हाय म्हणून तुमचं मन कशाला मोडायचं?"

बाई खुर्चीत बसल्या. "उद्या पोरंही असंच व्हय म्हणतील. आणि बोर्ड जाईल."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "बाई, उसाला पाणी देताना मी बांधावरनं सरीला हाक मारत न्हाय, भिजलीस का म्हणून. शेवटापर्यंत चालत जातो. तितं पाय चिखलात गेला, की मगच दारं मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचं."

"भावजी, सरीला तोंड असतं तर ती पण व्हय म्हणाली असती," दगडाबाई म्हणाली, आणि बाई हसल्या.

मग त्यांनी मला विचारलं, "एक एकर रान तिघा भावांत वाटलं आणि तेवढंच दुसरीकडं चौघांत वाटलं. जास्त कुणाच्या वाट्याला?"

"तिघातल्या भावाच्या. हे काय विचारणं झालं?"

"तोच एक तृतीयांश, आप्पा."

मी कपाळावर हात मारला. बाईंनी तिथंच उद्याच्या पाठाच्या टाचणाची वही उघडली आणि जागोजागी लाल पेननं दोनच शब्द लिहिले: पाटी वर.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचा सदस्य म्हणून मी मागं बसलो होतो. केंद्रप्रमुख वही उघडून बसले. बाईंनी बोर्डावर एक भाकरी तीन भागांत कापून दाखवली, मग मुलांबरोबर दुसरी चार भागांत कापली. "समजलं का" असं विचारलंच नाही. "मोठा हिस्सा कुठला? लिहा. पाटी वर!"

एकोणीस पाट्या वर गेल्या. नऊ चुकीच्या.

बाईंनी बोर्ड थांबवला. दोन्ही भाकऱ्या शेजारी शेजारी मोठ्या केल्या आणि शेवटच्या बाकापाशी जाऊन छकुलीला विचारलं, "तू कुठल्या पंगतीत बसशील? तिघांच्या की चौघांच्या?"

छकुली विचारात पडली. "भाकरी असंल तर चौघांच्या. केक असंल तर तिघांच्या."

"का गं?"

"केक जास्त मिळंल की!"

केंद्रप्रमुखांनाही हसू आवरेना. पाट्या पुन्हा वर गेल्या. आता तीनच चुकीच्या. बाई त्या तिघांजवळ गेल्या, त्यांच्या पाटीवर आणखी एक भाकरी काढून तिचे भाग केले. केंद्रप्रमुख साहेबांनी घड्याळ बघितलं. तास संपला.

"टाचणात बावीस स्लाइड आहेत," ते म्हणाले. "तुम्ही सातच घेतल्या."

"हो सर. पुढं जाता आलं नाही."

साहेब उठले आणि त्यांनी स्वतः बोर्डावर लिहिलं: एक सप्तमांश, एक नवमांश. "मोठा कुठला? पाटी वर."

मी पाट्या मोजल्या. अठरा बरोबर. ऋतिकची चुकली होती. साहेब काही बोलायच्या आत बाई त्याच्या बाकावर बसून खडूनं गोल काढायला लागल्या होत्या. साहेब उभेच राहिले. ऋतिकनं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि दोन्ही हातांनी उंच धरली.

"बोर्ड इथंच राहू द्या," साहेब वही मिटत म्हणाले. "आणि पुढच्या मंगळवारी केंद्रातल्या शिक्षकांना मी इथं पाठवतो. त्यांना हे पाट्यांचं दाखवा."

"उरलेल्या पंधरा स्लाइड, सर?"

"कापा त्यातल्या निम्म्या."

"निम्म्या म्हंजी साडेसात, साहेब," छकुली शेवटच्या बाकावरनं ओरडली.