तीन टक्क्यांचं सलाईन

"ताई, तू आलीस?" सात नंबरच्या खाटेवरच्या टेलरमास्तरांनी विचारलं.

"आले ना," सलाईनची रिकामी बाटली उतरवता उतरवता नर्स म्हणाली. वॉर्डात तिला सगळेच ताई म्हणत. बावीस वर्षांत ती या हाकेला इतकी सरावली होती, की ओ आधी जायची आणि मान मागाहून वळायची.

मान वळली तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले होते. "किती वर्षांनी गं!"

आता तिची पंचाईत झाली. मास्तर सत्तरीचे, ती पंचेचाळिशीची. हे बोलतायत तरी कुणाशी?

मास्तरांना चार दिवस उलट्या-जुलाब झाले होते. घरच्यांनी काळजीपोटी पेल्यावर पेले साधं पाणी पाजलं. अंगात पाणी राहिलं, मीठ मात्र निघून गेलं. रक्तातलं सोडियम एकशे पस्तीसच्या वर असायला हवं, ते एकशे बारावर उतरलं आणि मास्तर बरळायला लागले.

"सिस्टर, ग्लुकोज लावा ना," मुलगा म्हणाला. "जरा ताकद येईल. आणि हे काय मुंगीच्या पावलांनी चाललंय? सोडा की जोरात."

"बाटल्या दिसतात सारख्या, पण प्रत्येकीचं काम वेगळं," ती म्हणाली. "ग्लुकोजमधली साखर शरीर वापरून टाकतं, मागे उरतं नुसतं पाणी. तेच तर जास्त झालंय यांना. हे तीन टक्क्यांचं आहे, नेहमीच्या सलाईनच्या तिपटीहून जास्त खारट. घाई केली तर मेंदूला इजा होते. हे थेंबाथेंबानेच जायला हवं."

मुलगा चहा प्यायला खाली गेला. तिने सलाईन मोजून सोडणाऱ्या पंपावरचा आकडा पुन्हा तपासला. पेशंटला तो कुठे आहे ते सांगत राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ती वाकून म्हणाली, "मास्तर, हे हॉस्पिटल आहे. मी इथली नर्स."

"हो, हो," मास्तर शहाण्यासारखे म्हणाले. "पण ताई, आईचं शिलाई मशीन मी तुला न विचारता उचलून नेलं. तू आजारी पडलीस, तरी फिरकलो नाही. कोणत्या तोंडाने येणार होतो?"

तिने परत समजावलं. मास्तरांनी परत मान डोलावली आणि गाडी पुन्हा मशीनवर आली. मग ते उठूनच बसायला लागले. सुई टोचलेल्या हातानेच त्यांनी तिचं मनगट धरलं. नळी ताणली गेली, पंप कोकलायला लागला.

"राग गेला का तुझा? सांग ना!"

"गेला रे," ती बोलून गेली. "केव्हाच गेला. पड बघू आता."

मास्तर आज्ञाधारकपणे आडवे झाले आणि झोपले. तिने कागदावर 'रुग्ण शांत' असं लिहिलं आणि पेन हातात धरून तशीच उभी राहिली. आपण औषध दिलं की थाप मारली, तिलाच उमगेना.

दुसऱ्या दिवशी सोडियम एकशे एकोणीस झालं, तिसऱ्या दिवशी एकशे सव्वीस. मास्तरांची बायको तिला बाजूला घेऊन म्हणाली, "यांची ताई जाऊन नऊ वर्षं झाली हो. शेवटचं बघायलासुद्धा गेले नाहीत." आकडा चढताना बघून नर्सला बरं वाटत होतं, आणि भानावर आल्यावर मास्तर काय विचारतील याची धास्तीही.

सहाव्या दिवशी मास्तरांनी वार, तारीख, नातवंडांची नावं, सगळं बिनचूक सांगितलं. घरी जायची परवानगी मिळाली. ती सुई काढायला आली.

"सिस्टर, एक विचारू का?" ते हळू आवाजात म्हणाले. "माझी बहीण आली होती का हो? बायको म्हणते, भास झाला. पण ती माझ्याशी बोललीय. राग गेला म्हणाली."

भास होता, म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने सुई काढली, कापूस ठेवून अंगठ्याने दाबून धरला.

"मी होते, मास्तर. तुम्ही मला ताई समजलात."

"म्हणजे ते तुम्ही म्हणालात?"

"हो."

मास्तर आपल्या हाताकडे बघत राहिले. "मग मला माफ कुणी केलं, सिस्टर?"

मुलगा कागद घेऊन दारात उभा होता. बायको खाटेखालच्या चपला पुढे सरकवत होती. रक्त केव्हाच थांबलं होतं. तरी नर्सने कापसावरचा अंगठा उचलला नाही, आणि मास्तरांनीही हात मागे घेतला नाही.