गोड्या पाण्याचं पथ्य

मिठागरवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला ऊन आणि ढग यांतला फरक शिकवावा लागत नाही. ऊन म्हणजे जमा, ढग म्हणजे खर्च. कमळाकरच्या बापाने एवढ्या दोन खात्यांवर सगळं घर पोसलं. म्हणूनच श्रावणातल्या त्या संध्याकाळी मोबाइलने सोलरची दिवसभराची वीज नऊ युनिट दाखवली, तेव्हा कमळाकरने आधी चष्मा पुसला, मग मोबाइल पुसला आणि मग बायकोला हाक मारली.

“कुमुद, मे म्हयन्यात भर उन्हात सहा पडत होते ना?”

“सहाच. रोज जेवताना सांगायचात, कालवणात मीठ नसल्यासारखं तोंड करून.”

“मग आज ढगातून नऊ कसे?”

“माला काय इचारता? मी काय वर बसून ढकलते?”

कमळाकरला हसू आलं नाही. उद्या कृष्णाबाई यायची होती.

कृष्णाबाई ही त्याची थोरली बहीण. घरामागचं शेत दोघांच्या नावावर, आणि उरलेलं म्हणाल तर एवढंच. बाकीची जमीन रस्त्यात, नव्या शहराच्या सेक्टरात आणि पोरांच्या लग्नांत विरघळली. होळीच्या सुमारास कमळाकरने त्या शेतात लोखंडी पाय रोवून सोलरच्या आठ काचा उभ्या केल्या. घराची कौलं जुनी, त्यांना भार पेलला नसता. त्याच सुमारास एक बिल्डरही शेताभोवती घिरट्या घालू लागला. कृष्णाबाईने दोघांनाही ताटकळत ठेवलं. “ऊन हाय तवर कोनीपन पिकवंल,” ती भावाला म्हणाली होती. “पावसाल्यात काय पडतं, ते श्रावनात येऊन बघीन. पटलं तर ऱ्हाऊ दे. नाय पटलं, तर मी बिल्डरला सही देनार.”

आता आकडा चांगला आला, तर माणसाने खूश व्हावं. पण कृष्णाबाईला नुसता आकडा चालत नसे. कोळणीने एक मासा जास्त टाकला तरी ती पाटी पुन्हा उलटी करायला लावी; जास्त आलं म्हणजे कुठेतरी लबाडी आहे, हा तिचा सिद्धांत. आषाढात तीन-चार युनिट पडत होते, ते कमळाकरला समजत होते. हे नऊ समजत नव्हते.

त्याने सोलर कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, ढग असले तरी उजेड पसरून येतो. आणि मध्ये मध्ये ऊन पडलं की उत्पादन वाढतं.”

“ते ठीक. पन मग नुसत्या उन्हात सहाच का?”

यावर तिने त्याला बराच वेळ संगीत ऐकवलं.

शेवटी तो कुंपणाशी जाऊन शेजारच्या अब्दुलभाईला भेटला. अब्दुलभाईचं मासळीचं शीतगृह होतं. “अब्दुलभाय, तुमच्या लाइनीतला करंट माझ्याकडं तर येत नाय ना?”

“कमळाकरशेठ, माझी वीज तुमच्याकडे गेली असती तर मी गप्प बसलो असतो? खुदाकसम, बिल घेऊनच आलो असतो.”

हे मात्र कमळाकरला तंतोतंत पटलं. गोंधळ होता तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई छत्री टेकत आली, ती चहाला न थांबता थेट शेतात. कमळाकरने जे होतं ते सांगून टाकलं: मेमध्ये सहा, काल नऊ, कारण ठाऊक नाही.

“म्हंजे मशीन खोटं बोलतं, नायतर तू,” ती म्हणाली. काचेवर तिने बोट ओढलं, उलटसुलट करून पाहिलं. बोट स्वच्छ.

“मे म्हयन्यात हितं काय होतं?”

“काय म्हंजे? ह्याच काचा.”

“काचांवर रं?”

“तलोज्याच्या कारखान्यांची धूल. कावल्यांचा प्रसाद. आनखी काय असनार?”

“आनि धुतल्या नायस?”

बसवणाऱ्या माणसाने महिन्यातून दोनदा धुवा म्हणून बजावलं होतं आणि कमळाकरने मान डोलावली होती. पण कुमुद पाइप घेऊन निघाली की हाच तिला अडवी. आता तो बहिणीला म्हणाला, “बाय, उन्हाचं पीक धरलेलं असताना गोडं पानी सोडायचं नाय, असं बाबा...”

कृष्णाबाई बांधावर बसली आणि डोळ्यांना पदर लावून हसली. “अरे, हे काय मीठ हाय, इरघलायला?” मग एकाएकी थांबली. “मीपन नसतं सोडलं,” ती पुटपुटली.

तेवढ्यात खाडीकडून काळा ढग आला. कमळाकरच्या हातातल्या मोबाइलवरचा आकडा घसरत घसरत पार तळाला गेला.

“हे बघ, बाय! आता काचा साफ हायत, तरी नाय. मग कालचे नऊ पावसानं धुतल्याचे, का मधी ऊन पडलं त्याचे?”

“माला काय म्हायती?”

“बिल्डर सोमवारी येनार हाय,” कमळाकर हळूच म्हणाला.

“येऊ दे. चा पाज आनि वाटेला लाव.” कृष्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. “जे काय हाय ते कललं नाय, तवर मी इकत नाय. पुढच्या मे म्हयन्यात धू चांगल्या. मी सोता येऊन बघीन किती पडतात.”

सर आली. मोठे थेंब काचांवर ताडताड वाजू लागले. कमळाकर सवयीने गोठ्याकडे धावला आणि मिठाच्या राशीवर टाकायची जुनी ताडपत्री ओढत घेऊन आला.

“आरं भिजू दे रं,” बहीण छत्रीतून ओरडली, “भिजू दे!”