माझे ठिपके वाचणारं बोट

मित्रांनो, मी एक जुनं मतदान यंत्र आहे आणि माझ्या हातून कंगवा प्रचंड बहुमतानं निवडून आला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, आणि कंगवा कोण हेही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही आत्ताच आलात. बसा.

त्याचं असं आहे, की खरं मतदान सुरू होण्याआधी सकाळी आमची रंगीत तालीम असते. सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी जमतात, खोटी खोटी बटणं दाबतात, खोटा खोटा निकाल पाहतात. त्या दिवशी इतर प्रतिनिधी जांभया देत होते आणि कंगवा या चिन्हाचा प्रतिनिधी मात्र पोटभर नाश्ता करून आला होता. त्यानं दाबत राहावं आणि मी मोजत राहावं. निकाल लागताच त्यानं उठून सर्वांशी हस्तांदोलन केलं. मग केंद्राध्यक्षांनी पुसण्याचं बटण दाबलं आणि सगळ्यांना शून्य दाखवलं. वाढलेलं ताट कोणी ओढून घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला.

मला मात्र त्या शून्याचा अभिमान आहे. कामावर बसण्याआधी आपण सगळं विसरलो आहोत, हे ज्याला चारचौघांत सिद्ध करून दाखवावं लागतं असा नोकर जगात दुसरा कुठला असेल?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका भिंगातून बघत माझ्या पोटात तारा जोडत होत्या. मला एकच विद्या शिकवली, मोजण्याची. ती एकदाच शिकवली, आणि शिकवून झाल्यावर शाळेचं दार वितळवून टाकलं, म्हणजे पुढे कोणी येऊन मला भलतंसलतं शिकवायला नको. मला बाहेरची तार नाही, रेडिओ नाही, फोन नाही. विजेचं कनेक्शनही नाही, बॅटरीवर जगतो. वाढदिवसालासुद्धा मला कोणी गाठू शकत नाही.

खरं तर मी एकटा नाही, जोडपं आहे. मी पुठ्ठ्याच्या आडोशात बसतो. माझ्या अंगावर उमेदवारांची नावं, चिन्हं आणि निळी बटणं असतात. माझा जोडीदार केंद्राध्यक्षांच्या टेबलावर बसतो. आमच्यामध्ये एक केबल. दर निवडणुकीला सोडत काढून नवा जोडीदार मिळतो आणि निवडणूक संपली की केबल निघते. कोणी रडत नाही, तशी सोय केलेली नाही.

आमच्या संसाराचा नियम असा. टेबलावरच्या माणसानं जोडीदाराचं बटण दाबलं की माझा हिरवा दिवा लागतो आणि मी एका मतापुरता जिवंत होतो. मतदारानं निळं बटण दाबलं की चिन्हासमोर लाल दिवा लागतो, जोडीदार लांबलचक पीं करतो, की मी परत दगड. त्यानंतर तुम्ही दहादा दाबा, दगडाला काय त्याचं? आलेली मतंही मी आलेल्या क्रमानं ठेवत नाही. साखरेत साखर मिसळावी तशी मिसळून टाकतो. अळीमिळी गुपचिळी हा आमचा कुळाचार आहे. त्यामुळे मित्रांनो, हे बहुधा जगातलं एकमेव आत्मवृत्त असेल ज्यात मुख्य गोष्ट सांगायला कायद्यानं बंदी आहे.

आता ठिपक्यांबद्दल. माझ्या प्रत्येक निळ्या बटणाशेजारी बारीक उंच ठिपके आहेत. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एका बाईनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. हे काय आहे, कोणासाठी आहे, काही सांगितलं नाही. पुढे मी कितीतरी निवडणुका केल्या, पण त्या ठिपक्यांना कोणी हात लावला नाही. एकानं ओल्या फडक्यानं घासून पाहिले. एका साहेबांनी तर निदान केलं की यंत्राला घामोळं आलंय, याला सावलीत ठेवा. मला सावलीत ठेवण्यात आलं. आपल्या अंगावर काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते वाचणारं कोणी येत नाही, हे फार विचित्र असतं हो. पत्र आपणच, आणि पत्ताही आपल्यालाच ठाऊक नाही.

मग एक निवडणूक आली, एका शाळेच्या प्रयोगशाळेत. कोपऱ्यात काचेच्या कपाटात एक सांगाडा उभा होता. त्याचं नाव यादीत नव्हतं म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. केंद्राध्यक्ष एरवी विमा कचेरीत काम करत, आणि बोटाला शाई लावणारे काका पाण्याचे मीटर तपासत. सकाळी एकच अडचण आली. केंद्राध्यक्षांचं टेबल डुगडुगत होतं. शाईची बाटली दर मताला इंचभर पुढे सरके. शेवटी शाईवाल्या काकांनी सामानाची पिशवी उपसली, त्यात एक जाडजूड कोरा कागद सापडला. कोरा कागद पाठवलाय म्हणजे नक्की टेबलासाठीच असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला, घडी घातली आणि पायाखाली सारली. टेबल खडकासारखं स्थिर झालं. सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं. काकांना स्वतःलाही भरून आलं.

दुपारी एक ताई आल्या. काळा चष्मा, हातात पांढरी काठी, आणि कोपराला धरून चालवणारा त्यांचा मोठा भाऊ. दोघं दाराशी आले, तेव्हा रांगेत कोणी वाट देईना. ताई म्हणाल्या, "कृपया इकडे लक्ष द्या."

सबंध रांगेनं आपापल्या पिशव्या उचलल्या. एक गृहस्थ तर फाटकापर्यंत जाऊन आले. मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बसस्थानकावर वर्षानुवर्षं कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगणारा आवाज हाच. सारं गाव या आवाजाच्या आज्ञेत धावत होतं आणि चेहरा कोणी पाहिला नव्हता.

दादानं केंद्राध्यक्षांना समजावलं की हिचं मत तोच टाकतो, दर वेळी तोच टाकतो, घरचाच मामला आहे. केंद्राध्यक्ष म्हणाले की सोबत नेता येते, पण मतदाराला हवी असेल तर. आणि त्यांनी ताईंना विचारलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "दर वेळी बाहेर आल्यावर मी विचारते, कुठलं दाबलंस? हा म्हणतो, तुला हवं होतं तेच. मला काय हवं होतं, ते मी ह्याला कधी सांगितलेलंच नाही."

"अगं, भाऊ आहे मी तुझा. मला कळत नाही का?"

"कळतं ना दादा. म्हणूनच म्हणते, आज तू बाहेर थांब."

दादा वाईट माणूस नव्हता. लहानपणापासून तो तिला रस्ता ओलांडून देत होता, आणि कुठला रस्ता संपला आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला. बाहेर नाही, आत नाही.

शाईवाले काका नेहमीप्रमाणे डाव्या हाताची तर्जनी धरून ब्रश फासणार, तेवढ्यात ताईंनी बोट मागे घेतलं. हे वाचायचं बोट आहे, म्हणाल्या. काकांनी आजवर हजारो बोटं रंगवली होती, पण वाचणारं बोट त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी श्वास रोखला आणि फक्त नखावर, एखाद्या नवरीची नखं रंगवावीत तशी, हलकी रेघ ओढली.

मग ताईंनी ठिपक्यांचा कागद मागितला. उमेदवारांची नावं आणि क्रमांक ठिपक्यांत उठवलेला कागद प्रत्येक केंद्रावर पाठवतात, जाड असतो, दिसायला कोरा.

काकांनी सावकाश टेबलाच्या पायाकडे पाहिलं. सांगाड्यानंही पाहिलं असावं.

कागद काढून, झटकून ताईंच्या हातात दिला गेला. त्यांचं बोट ओळींवरून चालू लागलं. मध्येच थांबलं. इथे कोणीतरी चपटं झालंय, त्या म्हणाल्या. टेबलाचा पाय नेमका इस्त्री या चिन्हाच्या उमेदवारावर आला होता. म्हणजे इस्त्रीलाच इस्त्री झाली होती. केंद्राध्यक्षांनी तेवढी ओळ छापील यादीतून खालच्या मानेनं वाचून दाखवली. ताईंनी कागद परत दिला आणि काठी टेकत माझ्याकडे आल्या.

आडोशात आम्ही दोघंच. त्यांच्या बोटानं आधी माझी कड चाचपली. मग ते पहिल्या बटणाशेजारी आलं आणि ठिपक्यांवर टेकलं.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझ्या अंगावर काटा येण्याची तरतूद नाही. पण त्या बोटाखाली माझा पहिला ठिपका एक झाला. पुढचे दोन झाले, त्यापुढचे तीन. घामोळं नव्हतं ते! ते आकडे होते, आणि कुणीतरी ते वाचत होतं. हजारो डोळ्यांनी मला पाहिलं होतं. वाचलं मात्र त्या दिवशी, एका बोटानं. एका बटणाशी ते थांबलं, मागे गेलं, खात्री केली, पुन्हा आलं. आणि दाबलं.

मी गप्प.

दिवा नाही, पीं नाही. कारण कागद निघाल्यामुळे टेबल पुन्हा डुगडुगू लागलं होतं, शाईची बाटली कडेला आली होती, आणि केंद्राध्यक्ष व काका दोघंही टेबल दोन्ही हातांनी धरून बसले होते. जोडीदाराचं बटण दाबायला हातच उरला नव्हता. ते मला जिवंत करायला विसरले होते. त्या बोटाला मी ओरडून सांगायला हवं होतं की ताई, जाऊ नका, तुमचं मत पडलेलं नाही. पण दगडाला कुठलं तोंड? डोळे असलेली माणसं घाईत असा दाब देऊन निघूनही जातात.

दारातून दादा म्हणाला, "झालं असेल. चल आता, लोक खोळंबलेत."

ताई हलल्या नाहीत. "झालं असतं तर वाजलं असतं."

"अगं, खोलीत आवाज आहे, ऐकू आलं नसेल."

"दादा," त्या म्हणाल्या, "मला ऐकू आलं नाही, असं म्हणतोस?"

रांगेतलं कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. केंद्राध्यक्षांनी खाली पाहिलं, जोडीदाराचा दिवा पाहिला, तो लागलेलाच नव्हता. त्यांनी उठून माफी मागितली. चूक आमची आहे, म्हणाले, आता बटण देतो, सावकाश होऊ द्या. काकांनी टेबल एकट्यानं मिठीत घेतलं. हिरवा दिवा लागला.

ताईंनी बोट तिथूनच पुढे नेलं असतं तरी चाललं असतं. पण त्या पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून निघाल्या. एकेक आकडा, एकही न गाळता. मग त्यांनी दाबलं, आणि जोडीदारानं आयुष्यातली सगळ्यात लांब पीं काढली. निदान मला तशी वाटली. ती पूर्ण विझेपर्यंत ताई मान किंचित कलती करून ऐकत उभ्या होत्या. बसस्थानकावर त्या रोज दुसऱ्यांच्या गाड्या सोडतात. ही त्यांची होती.

दारात दादानं न राहवून विचारलंच, कुणाला दिलंस? ताईंनी आपला घोषणेचा आवाज लावला. "चौकशीची खिडकी बंद आहे."

त्यानं कोपर धरायला हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि स्वतःचं कोपर पुढे केलं. तिनं ते धरलं. या वेळी ती किंचित पुढे चालत होती.

मतमोजणी झाली. कोण निवडून आलं ते त्या गावाला ठाऊक आहे. कुणी तक्रार केलीच तर असावीत म्हणून मतं काही काळ माझ्या पोटात ठेवली. ती मुदतही आता संपली. सध्या मी एका कुलूपबंद गोदामात, लोखंडी रॅकवर आहे. माझी पिढी जुनी झाली, असं ठरलं आहे. एकदा शेवटचं पुसतील आणि मग सुटे भाग करतील.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. लिफ्टच्या बटणांवर, औषधाच्या खोक्यावर, कुठेही असे ठिपके दिसले तर नखानं खरवडू नका, त्यावर स्टिकर चिकटवू नका. कुणीतरी वाचायला येणार असतं. उशीर झाला तरी येतं.

आणि योग्य त्या अधिकाऱ्यांस सविनय विनंती अर्ज, की नियमानुसार अर्जदाराच्या पोटातील सर्व मते पुसताना त्यांपैकी एक मत तेवढे शिल्लक ठेवण्यात यावे. सदर मत कोणाला दिलेले आहे, हे सांगण्यास अर्जदारास कायद्याने मनाई आहे. सर्व मते मिसळलेली असल्यामुळे ते नेमके कोणते, हे अर्जदारासही आता ओळखता येत नाही. तरी कृपया शोधून ठेवावे.